पाऊस न थांबवणारा जादूगार

सात वर्षांचा एक मुलगा डोंगरउतारावर शेळ्या राखतोय. छपरावर चढून बसलेल्या एका हट्टी शेळीला मावशीनं काहीतरी विचित्र शब्द ऐकवले आणि शेळी मुकाट खाली आली, हे त्यानं आदल्याच दिवशी पाहिलंय. शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नाही, पण शब्द पाठ झालेत. तो ते आपल्या कळपाकडे बघून ओरडतो. शेळ्या येतात. सगळ्याच्या सगळ्या, झपाझप, तोंडातून आवाज न काढता, पिवळे डोळे त्याच्यावर रोखून. पोराला गंमत वाटते. तो हसतो, पुन्हा ओरडतो. आता त्या त्याला खेटायला लागतात, जाड शिंगं अंगाला लागतात आणि हसू पार मावळतं. पळावं, तर कळपही त्याला चिकटून पळतो. भोकाड पसरलेला पोरगा आणि त्याला घेरून चाललेल्या शेळ्या अशी ही वरात गावात शिरते. लोक घराबाहेर येतात, शेळ्यांना शिव्या घालतात, पोराला हसतात. मावशी मात्र हसत नाही. ती एक शब्द उच्चारते आणि शेळ्या भानावर येऊन बें बें करत पांगतात.

उर्सुला ल ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीच्या अगदी सुरुवातीच्या पानांवरचा हा प्रसंग. बोलावणं जमलं, परत पाठवणं जमलं नाही. पुढे याच मुलाच्या हातून पुन्हा असंच घडतं, फक्त तेव्हा समोर शेळ्या नसतात आणि मावशीही हाकेच्या अंतरावर नसते. जादूच्या गोष्टींमध्ये एरवी चढती भाजणी असते: आज उडता आलं, उद्या अदृश्य होता आलं, परवा डोंगर हलवता आला. ल ग्विन बाईंनी हा हिशेब उलटा मांडला. त्यांच्या गोष्टीत जादूगार जितका मोठा, तितकी त्याची जादू कमी दिसते. कादंबरीतली पात्रं, तिचं जग, तिच्यातली भीती, सगळं या एका गोष्टीपाशी येऊन मिळतं.

पुस्तक प्रसिद्ध झालं १९६८ साली, आणि ते चक्क मागणीवरून लिहिलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात पार्नासस प्रेस नावाची छोटी प्रकाशनसंस्था होती. तिचा भर तोवर लहान मुलांच्या पुस्तकांवर होता. प्रकाशक हर्मन शाइन यांनी ल ग्विन यांना विचारलं की थोड्या मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का? विषय तुमच्या मर्जीचा. बाईंच्या हाताशी थोडा मालमसाला होता: १९६४ साली ‘फँटॅस्टिक’ या मासिकात त्यांनी दोन कथा लिहिल्या होत्या, त्यात बेटं होती, जादूगार होते, ड्रॅगनही होता. पण कादंबरी सुचली ती एका भाबड्या वाटणाऱ्या प्रश्नातून. गोष्टींतले जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचे म्हातारेच. मर्लिन घ्या, टोल्किनचा गँडाल्फ घ्या. हे लोक काही दाढीसकट जन्मले नसतील. मग पंधराव्या वर्षी ते काय उद्योग करत होते? आणि शिकले कुठे?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे रोक बेटावरची जादूगारांची शाळा. हॅरी पॉटरची पुस्तकं मराठीतही आली, त्यामुळे जादूची शाळा म्हटलं की मराठी मुलांच्याही डोळ्यांपुढे हॉगवर्ट्‌स उभं राहतं. हॅरीचं पहिलं पुस्तक १९९७ चं. म्हणजे रोकची शाळा त्याच्या २९ वर्षं आधीपासून भरत होती. दोन्हींत उर्मट श्रीमंत मुलगा आहे, जिवाला जीव देणारा मित्र आहे, चेहऱ्यावर व्रण असलेला नायक आहे. मात्र रोकमध्ये चषक नाहीत, सामने नाहीत, गुणांची बेरीज नाही. तिथं एकांतातल्या एका मनोऱ्यात बसून बेटांची, खाड्यांची, वनस्पतींची, त्यांच्या पाकळ्यांची आणि पानांची नावं महिनोन्‌महिने पाठ करायची असतात. पोरं कंटाळतात. वाचकालाही तो कंटाळा थोडा जाणवावा अशीच बाईंची इच्छा दिसते.

लिहायला बसण्यापूर्वी त्यांनी नकाशा काढला. अर्थसीत खंड नाहीत, नुसती शेकडो बेटं आहेत. त्यामुळे गोष्टीतला प्रत्येक माणूस कधी ना कधी बोटीत बसतो, आणि जादूगाराचं रोजचं काम म्हणजे शिडात वारा भरणं, गळक्या होडीला मंत्रानं सांधणं, आजारी जनावराला बरं करणं. शिक्षण संपवून नायक पहिल्या नोकरीवर रुजू होतो तो कुठल्या राजाच्या दरबारात नव्हे, तर लो टॉर्निंग नावाच्या कोळ्यांच्या गरीब बेटांवर. राहायला साधं घर, शेजारी एक होडी बांधणारा. परीकथेतल्या राजवाड्यांना सरावलेल्या वाचकाला हे रुक्ष वाटेल, पण या कोळ्यांमुळेच अर्थसी खरी वाटते.

जादू चालते ती नावांवर. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव आहे. ज्या भाषेतून जग घडलं त्या आदिम भाषेतलं. ते ज्याला कळलं त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून कोणी आपलं खरं नाव सांगत नाही. आपल्या नायकालाच तीन नावं आहेत. आईनं ठेवलेलं डनी, लोकांच्या तोंडी असलेलं स्पॅरोहॉक आणि तेराव्या वर्षी मिळालेलं खरं नाव गेड. नामकरणाचा तो प्रसंग बाईंनी मोजक्या ओळींत लिहिलाय: मावशी त्याचं बाळपणीचं नाव काढून घेते, बिननावाचा उघडा मुलगा आर नदीच्या उगमाच्या थंडगार पाण्यातून चालत जातो, पलीकडच्या काठावर ओजियन नावाचा जादूगार त्याचा दंड धरतो आणि हलकेच नाव सांगतो. मराठी वाचकाला इथं बारसं आठवणारच. फक्त आपल्याकडे आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून सांगितलेलं नाव पुढच्या क्षणी घुगऱ्यांबरोबर सगळ्यांना वाटलं जातं. अर्थसीत ते जन्मभर जपायचं असतं.

नावाबद्दलची ही अदब कुठून आली असेल, याचा विचार करताना ल ग्विन यांच्या माहेरात डोकवावं लागतं. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतले नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा एकमेव उरलेला माणूस एकटाच डोंगरातून खाली आला, तेव्हा क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आसरा दिला. १९१६ साली तो क्षयानं गेला. त्यानं आपलं नाव शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही; त्याच्या लोकांत तशी रीत नव्हती. हाक मारायला म्हणून क्रोबर त्याला इशी म्हणू लागले, म्हणजे त्याच्या भाषेत माणूस. उर्सुला जन्मल्या १९२९ साली, त्यामुळे त्यांनी इशीला पाहिलेलं नाही. पण त्याचं चरित्र लिहिलं ते त्यांच्या आई थिओडोरा क्रोबर यांनी, १९६१ साली. अर्थसीच्या पहिल्या कथांच्या तीनच वर्षं आधी. इशीचा गेड झाला असं कोणी म्हणू नये. तरीही ज्या घरात न सांगितलेल्या नावाची गोष्ट वर्षानुवर्षं बोलली गेली, त्या घरच्या मुलीनं नाव ही जिवाइतकी जपायची वस्तू मानली, यात नवल नाही.

वडिलांच्या कपाटातलं दुसरं एक पुस्तक कादंबरीत अधिक खोल उतरलंय. लाओ त्सेचं ‘ताओ ते चिंग’. पुढे १९९७ साली बाईंनी त्याची स्वतःची इंग्रजी आवृत्तीही केली. या चिनी ग्रंथातली, काही न करण्यातलं बळ ओळखण्याची वृत्ती ज्या पात्रात सदेह उभी आहे ते पात्र म्हणजे ओजियन. एकेकाळी गाँट बेटावरचा भूकंप शांत करणारा हा माणूस. त्याचा शिष्य म्हणून गेड निघतो तेव्हा आता पावलोपावली चमत्कार दिसतील अशी त्याची खात्री असते. दिवस जातात, चमत्कार नाही. ओजियन बोलतही नाही. मग एके रात्री पाऊस येतो. गावोगावचे किरकोळ मंत्रवालेसुद्धा ढग पलीकडच्या दरीत ढकलतात, हे गेडनं लहानपणापासून पाहिलेलं. ओजियन काय करतो? दाट पानांचं झाड शोधतो आणि त्याखाली आडवा होतो. गेड ठिबकणाऱ्या झुडपात भिजत, चडफडत बसतो: वापरायचीच नसेल तर ही विद्या काय कामाची? तेरा वर्षांच्या मुलाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि ओजियन त्याला व्याख्यान देत नाही. बालसाहित्यातल्या गुरूंना उपदेशाची जी खोड असते, तिच्यापासून हा म्हातारा पूर्ण मुक्त आहे.

रोकमधले नऊ गुरुजी त्या मानानं बोलके. नजरबंदी शिकवणाऱ्या मास्टर हँडला गेड विचारतो की खड्याचा हिरा केला, पण तो हिराच राहावा यासाठी काय करायचं? गुरुजींचं म्हणणं असं की तसं करायचं तर खड्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि एका खड्याचं नाव बदलणं म्हणजे जगाचा तोल हलवणं. गेडला वाटतं, म्हातारे घाबरट आहेत. सगळ्यांत मजेदार गुरुजी म्हणजे दारवान. शाळेत शिरताना त्याला आपलं खरं नाव सांगावं लागतं. बाहेर पडताना त्याचं नाव शोधून दाखवावं लागतं. गेड सगळे मंत्र, सगळ्या युक्त्या मनात तपासतो, हरतो आणि शेवटी दारवानापुढे जाऊन नाव विचारतो. दारवान हसून सांगतो. एवढीच परीक्षा.

या दोन दारांच्या मधे गेडनं केलेली चूक म्हणजे कादंबरीचा कणा. जॅस्पर नावाचा घरंदाज मुलगा त्याला गोड शब्दांत टोमणे मारत असतो. जॅस्पर खलनायक नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला असा एक जॅस्पर भेटलेला असतो. खरी अडचण गेडमध्ये आहे. शेळ्या राखणारा म्हणून आपल्याला हसतात हे त्याच्या डोक्यातून जात नाही. एका रात्री ईर्षेला पेटून तो हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एल्फारानच्या आत्म्याला बोलावतो. ती क्षणभर दिसते. पण हवेत जी फट पडते तिच्यातून आणखी काहीतरी बाहेर येतं, काळं, बिनचेहऱ्याचं, आणि गेडच्या तोंडावर झेप घेतं. ती फट बुजवताना वृद्ध महागुरू नेमर्ल सगळी शक्ती संपवून प्राण सोडतात. आपल्या घमेंडीचं बिल दुसऱ्यानं चुकतं केलं, हे गेडला गालावरच्या व्रणांसकट आयुष्यभर वागवावं लागतं. जॅस्पर मात्र जादूगाराची काठी न मिळवताच रोक सोडून निघून जातो, आणि लेखिका त्याला शिक्षा वगैरे देण्याच्या भानगडीत पडत नाही.

याच काळ्या दिवसांत कादंबरीतला सगळ्यांत ऊबदार क्षण येतो. वेच हा गेडचा मित्र शिक्षण संपवून घरी निघालेला असतो. गेडचा स्वतःवरचा विश्वास उडालेला, बाकीचे त्याला बिचकून वागणारे. निरोप घेताना वेच न विचारता आपलं खरं नाव त्याला सांगतो. जिथं नाव म्हणजे जीव, तिथं याहून मोठी भेट देता येत नाही. बाईंनी हा प्रसंग कोणतीही आसवं न ढाळता लिहिलाय.

पुढचा भाग पाठलागाचा. ती सावली गेडच्या मागावर आहे, ती त्याचं रूप घेऊ पाहते आणि तिला नाव नाही, निदान सगळे तसं समजतात. लो टॉर्निंगमध्ये होडी बांधणाऱ्या पेचवरीचं पोर तापानं फणफणतं. मरणाऱ्याला जाऊ द्यावं, असं रोकच्या वैद्यगुरूंनी शिकवलेलं असतं, पण मित्राचं पोर आहे. गेड त्याच्या मागोमाग मृतांच्या प्रदेशाच्या उतारावर जातो. पोर वाचत नाही. आणि परतताना सीमेवरच्या बुटक्या दगडी भिंतीपाशी सावली वाट पाहत उभी असते. मुलांच्या पुस्तकात एका चांगल्या हेतूनं केलेली जादू इतक्या निष्ठुरपणे फसते, हे १९६८ साली धाडसाचं होतं, आजही आहे. त्यानंतरचा ड्रॅगनचा प्रसंगही असाच. यीवॉड या म्हाताऱ्या ड्रॅगनचं नाव गेडनं जुन्या इतिहासावरून ओळखलंय. ड्रॅगन सौदा पुढे करतो: मी तुला सावलीचं नाव सांगतो. गेडला जीव वाचवायला नेमकं तेच हवंय. तो नाकारतो आणि त्याऐवजी ड्रॅगन कोळ्यांच्या बेटांवर कधी येणार नाही अशी शपथ घेववतो. शेळ्यांवर मंत्र ओरडणारा मुलगा कधी मोठा झाला, ते इथं कळतं.

सावली म्हणजे नेमकं काय, हे या प्रस्तावनेत सांगणं हा वाचकाचा विश्वासघात ठरेल. युंगच्या मानसशास्त्राचे अभ्यासक या ठिकाणी खूश होतात, आणि ल ग्विन यांनीही १९७५ साली मूल आणि सावली या विषयावर निबंध लिहिला. पण कादंबरी लिहिताना आपण युंग वाचलेला नव्हता, हेही त्यांनी सांगितलंय. इतकं मात्र सांगायला हरकत नाही की शेवटी कुठलंही सैन्य चालून जात नाही. काळ व्हिएतनाम युद्धाचा होता आणि बाई युद्धविरोधी निदर्शनांत सामील होत होत्या. सज्जनांची फौज विरुद्ध दुर्जनांची फौज हा अद्भुतकथेचा ठरलेला साचा त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवला. पुस्तकात लढाई आहे ती एकच, सुरुवातीला, आणि ती बारा वर्षांचा डनी गावावर धुकं पसरून संपवतो.

दुसरी एक गोष्टही त्यांनी जाणूनबुजून केली, तीही गाजावाजा न करता. गेडची कातडी तांबूस तपकिरी आहे, वेच काळा आहे, अर्थसीतले बहुतेक लोक सावळे आहेत. गोरे आहेत ते गाँटवर धाड घालणारे कार्गाडचे लुटारू. नायक गोरा नाही, हे अमेरिकी वाचकाला तो गेडच्या प्रेमात पडल्यानंतर उमगावं, असा बेत. रूथ रॉबिन्स यांनी पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर हा रंग जपला. नंतरच्या अनेक मुखपृष्ठांवर गेड गोराच होत गेला, आणि २००४ च्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत तर गेडच्या भूमिकेत गोरा नट आला. बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी त्याच वर्षी त्यावर सणसणीत लेख लिहिला.

रंगाबाबत एवढ्या जागरूक असलेल्या लेखिकेच्या नजरेतून बायका मात्र निसटल्या. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही. बायकांची जादू म्हणजे कुचकामी किंवा घातकी, अशी गाँटवर म्हणच आहे, आणि कादंबरी त्या म्हणीला फारसं आव्हान देत नाही. पहिले मंत्र शिकवणारी मावशी अडाणी आणि लोभी. गेडच्या वाटेत पुढे येणारी सेरेट सुंदर आणि कपटी. उरते वेचची चौदा वर्षांची बहीण यॅरो. ती थोड्याच पानांत येते, पण तिच्यामुळे घरात चूल पेटल्यासारखं वाटतं. प्रवासासाठी गव्हाच्या पोळ्यांसारखं काहीतरी भाजता भाजता ती विचारते की तुम्ही एवढे जादूगार, मग शिदोरी कशाला बांधून नेता, भूक लागली की मंत्र म्हणून जेवण काढा की! गेड आणि वेच तिला समजावतात की शब्दांचं जेवण शब्दांइतकंच पोटाला लागतं. सगळ्या गुरुजींनी मिळून जे शिकवलं ते या स्वयंपाकघरात दोन वाक्यांत होतं, आणि प्रश्न विचारणारी मुलगी आहे, याची नोंद घ्यायला हवी.

बाईंनी स्वतःही ती घेतली. १९७१ च्या ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’मध्ये नायिका आली: तेनार, लहानपणीच नाव हिरावून घेऊन देवळात कोंडलेली पुजारीण. १९७२ च्या ‘द फार्देस्ट शोअर’ला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि तिथं मालिका संपली असं सगळ्यांनी धरलं. अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘तेहानू’ आलं. त्यात तेनार ही शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा आहे, तिच्या पदरी माणसांनी जाळलेली एक मुलगी आहे आणि गेडची जादू संपलेली आहे. काही जुने वाचक रागावले. जे जग आपण उभं केलं ते पुरुषांच्या नजरेनं उभं केलं होतं, हे मान्य करून लेखिकेनं त्याच जगात परत जावं आणि ते आतून दुरुस्त करावं, असं उदाहरण अद्भुतसाहित्यात विरळा. २००१ मध्ये आणखी दोन पुस्तकं आली आणि मालिका सहा पुस्तकांची झाली. ल ग्विन २०१८ च्या जानेवारीत गेल्या, पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षं पूर्ण होत असताना.

आता थोडं वाचण्याबद्दल. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे पुस्तक जरूर द्यावं, पण पहिली चाळीस पानं कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावीत. वाक्यं तोंडी सांगितलेल्या जुन्या गाथेसारखी आहेत, ती कानांनी अधिक लवकर पोहोचतात. नकाशाचं पान दुमडून ठेवावं, कारण गेड प्रत्येक प्रकरणात बेट बदलतो. दुसरा आणि तिसरा भाग पाठोपाठ वाचला तरी चालेल. ‘तेहानू’ मात्र त्याच वयात हाती देऊ नये. ते तिशी ओलांडल्यावर वाचावं, आणि त्याआधी पहिला भाग पुन्हा एकदा.